एकतीस तारीख

मल्हारगंजच्या आमच्या गल्लीत
विषम तारखा डाव्या हाताच्या,
सम तारखा उजव्या.
पालिकेचा माणूस शटरवर खडूने आकडा टाकत होता,
तेव्हा विचारलं, डावं म्हणजे कुठून बघितल्यावर?
तो म्हणाला, बडा गणपतीकडून या, भिया,
उलटे चालू नका.

तर मी डावा.
समोरचा मुर्तझा, लेस-बटणवाला, उजवा.
बत्तीस वर्षं समोरासमोर बसलेले आम्ही,
एकमेकांची गिऱ्हाइकं चपलांवरून ओळखणारे.
आता मी उघडतो तेव्हा तो बंद,
तो उघडतो तेव्हा मी घरी
कॅलेंडरशी भांडत.

त्याआधी त्याच्याशी भांडलो, सगळा एप्रिल, फोनवर.
मी म्हणायचो, उघडू द्या बाबा आता,
काचा पडून आहेत, भाडं थकलंय,
फ्रेमच्या पट्ट्यांना वाळवी लागेल,
तिला कुठला कर्फ्यू?
तो म्हणायचा, दिघे, वाळवी लाकूड खाते.
एवढंच.
त्याच्या थोरल्या भावाच्या जनाज्याला चौघे होते,
चौघेही प्लास्टिकमधले.
मला माहीत होतं.
तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावून
मी म्हणायचो, उघडू द्या.

तांबवेकर मास्तर म्हणत, अजून दोन महिने बंदच बरं,
शिस्त लागते लोकांना.
एक तारखेला त्यांच्या खिशात फोन वाजायचा,
पेन्शन जमा.
पोह्यांचा ठेला लावणारा रामसजीवन
काहीच म्हणाला नाही.
त्याला कुणी विचारलं नव्हतं.
जीरावनाचा डबा माझ्याकडे ठेवून
तो पहाटे गावाकडे चालू लागला.
डबा अजून आहे. झाकण उघडलं
की दुकानभर सकाळ होते.

आणि वरच्या मजल्यावर शरयू गोगटे,
एम. वाय.मध्ये नर्स.
तिच्यासाठी गच्चीवरून थाळ्या वाजवल्या आम्ही,
माझी तर पितळी होती, चांगली दणदणीत.
पुढच्याच आठवड्यात जिन्याच्या दाराला
आतून कडी लागली.
रात्री दीडला ती बाहेर उभी,
हातात डबा, खांद्यावर पर्स,
हाक न मारता.
कडी मीच लावली होती.
सांगून टाकतो, आता कोण विचारतंय.

मग उघडलं एकदाचं.
मला वाटलं, लग्नांचे फोटो येतील,
पोरांची सर्टिफिकिटं, एखादा बालाजी.
पहिल्या पोराने मोबाईल पुढे केला:
साफा बांधलेला बाप, कुणाच्या तरी वरातीत,
खांद्यावर शेजारच्याचा हात.
विचारलं, हा हात कापून टाकू?
म्हणाला, राहू द्या. काका आहेत.
मग थोड्या वेळाने,
तेही.

त्या दिवशी चौदा फ्रेमा गेल्या,
सगळ्या बारा बाय पंधरा, काळी पट्टी, सोनेरी कड.
तीन महिन्यांचं भाडं निघालं.
नोटा मोजताना मी समोर बघितलं नाही.
समोर नुसतं बंद शटर होतं,
तरी.

महिना एकतीसचा निघाला.
एकतीस विषम, लगेच एक विषम,
सलग दोन दिवस डाव्यांचे.
उजव्यांनी संघाच्या बैठकीत आवाज केला,
मास्तर गणित समजावून सांगत बसले,
आणि मुर्तझा फोनवर कितीतरी दिवसांनी हसला,
तुझं कॅलेंडरच डावं आहे, यार.

एक तारखेला जाऊन मी कुलूप काढलं,
शटर मात्र वर केलं नाही.
का ते मला नीट सांगता येणार नाही.
पायरीवर बसलो.
समोर तोही येऊन बसलेला, आपल्या पायरीवर,
दिवस त्याचा नसताना.
मधून कचरागाडी गेली.
शरयू रात्रपाळीहून आली, थांबली,
आज तर तुमचा आहे ना?
म्हटलं, आहे.
ती वर गेली, आणि जिन्याच्या दाराची कडी
तिने आतून लावून घेतली.

मुर्तझाने मास्क हनुवटीवर ओढला, पुन्हा चढवला.
दिघे, ओरडला तिकडून,
भाईसाहेबांचा फोटो करायचाय. घरी राहिला.
मी म्हटलं, मग उद्या आण.

उद्या, तो म्हणाला,
तू बंद.