किती पुरुष खोल

माझा बाप मुस्इद विहिरी खोदायचा.
खोली पुरुषात मोजायचा:
हात वर करून उभा माणूस म्हणजे एक.
अक्माची विहीर अकरा पुरुष,
सायलाची नऊ.
काठाच्या दगडाला दोरांनी पाडलेल्या खाचा,
माझं बोट त्यात मुळापर्यंत बुडायचं.

वर अक्मा, खाली सायला,
मध्ये डोंगर कापून केलेल्या ज्वारीच्या सतरा पट्ट्या.
मला वरून खाली दिली.
निघताना बाप म्हणाला,
पाण्याची काळजी करू नकोस,
तिकडचं पाणीही इथलंच,
थोडं पुढे गेलेलं.

मग सासरच्यांनी तैझहून यंत्र आणलं.
चार रात्री डोंगर थरथरत होता,
बकऱ्यांनी दूध आवरलं.
एकतिसाव्या पुरुषाला माझ्या बांगड्या संपल्या,
छत्तिसाव्याला जाऊबाईंचा कंबरपट्टा.
चाळिसाव्याला पाणी लागलं,
आणि सायलाचा कात हिरवागार झाला.
अक्मात पोहरा वर आला
तो चिखल घेऊन.

ते रात्री आले, बोअरमध्ये दगड टाकायला.
आमचा गालिब पहाऱ्यावर होता. बावीस वर्षांचा.
त्यांचा रद्मान पडला,
ज्यानं मला दोन बोटांत शीळ घालायला शिकवलं होतं.
दोघांना एकाच दुपारी पुरलं,
आपापल्या उतारावर.

तिसऱ्या खोऱ्यातून पंच आला,
खोकणारा म्हातारा, शेख हिज़ाम.
दोन्ही गावांनी बंदुका त्याच्या घोंगडीवर ठेवल्या,
चौदा आणि चौदा.
तीन दिवस बोलणी.
तीन दिवस गालात काताचा गोळा,
जो त्याच पाण्यावर वाढला होता.
सगळे शपथेवर सांगत होते:
मधे खडक आहे.
त्यांचं पाणी त्यांचं, आमचं आमचं.

बायकांना कोणी विचारलं नाही.
डबे मात्र आमच्याच डोक्यावर असतात.

हिवाळ्यात आमच्या पंपाची टाकी फुटली होती,
पिंपभर डिझेल बोअरच्या कडेनं जिरलं.
कायदनं वर माती लोटली.
चाळीस दिवसांनी मी आजारी आईकडे गेले,
तर तिच्या भाकरीला तोच वास.
आई म्हणाली, म्हातारपण गं, जीभ गेली माझी.
मी दोन भाकऱ्या खाल्ल्या
आणि आठ महिने गप्प राहिले.
त्या आठ महिन्यांत रद्मान गेला, गालिब गेला,
हे मी मोजलेलं आहे.

चौथ्या सकाळी आईकडचा पिवळा डबा उघडला.
त्या पाण्यात कॉफीच्या साली उकळल्या.
आलं घातलं नाही. वेलची घातली नाही.

पंचानं एक घोट घेतला.
पेला नाकाशी नेला.
मग पंपाखालच्या काळ्या डागाकडे पाहत राहिला.
हे पाणी कुठलं?
दीर म्हणाला, आमचंच, शेख.
पडद्यामागून मी म्हणाले,
अक्माचं.

खोकलासुद्धा थांबला.

मग कागद झाला:
एक दिवस पंप, एक दिवस कुलूप,
खोली आणखी वाढवायची नाही,
दोन मयतांचे बैल इतके, धान्य तितकं.
अंगठे उमटले.
बंदुका मोजून परत दिल्या,
चौदा आणि चौदा.

यंदा खोऱ्याच्या तोंडाशी
कोणा शहरातल्या माणसानं सोलरच्या काचा मांडल्यात.
त्याची बोअर म्हणे तीनशे मीटर.
तिकडे पुरुषात कोणी मोजत नाही.

कायद माझ्या हातचा पेला घेत नाही.
ताटाकडे पाहून जेवतो.
कुलपाच्या दिवशी मी वर बघते,
अक्माच्या बाजूनं धूर निघाला की
आईची चूल पेटली म्हणायची.

तिचा निरोप येतो, भाच्याच्या तोंडी:
भाकरीला वास येतो अजून.

म्हणजे पोचतंय अजून.