शुक्रवारी मिळतील

अदिस अबाबात, निलगिरीच्या उतारावर
एक हिरवं फाटक आहे.
बाहेरचा रस्ता आमचा, इथिओपियाचा.
आतलं गवत इरिट्रियाचं.
कापायचो मात्र मीच.

मी मेकुरिया, पहारेकरी. पगार आमच्या सरकारचा,
कॉफी त्यांची.
व्हिसाच्या खिडकीतल्या अबरेहेतबाई
जबेनातून तीनदा ओतायच्या;
तिसरा पेला पाणचट,
पण आशीर्वाद त्यातच असतो म्हणायच्या,
उठू द्यायच्या नाहीत.

अक्षरं दोघांची एकच.
त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात अठ्ठ्याण्णव साल,
माझ्या खोलीतल्या कॅलेंडरात नव्वद.
"आठ वर्षं मागे आहेस रे," त्या हसायच्या,
"पळत ये."

मग सरहद्दीवरच्या एका धुळकट गावावरून जुंपली.
ते गाव मी पाहिलेलं नाही. बाईंनीही नव्हतं.

त्या सोमवारी त्यांनी तपकिरी बूट दिले माझ्याकडे:
तळ सुटलाय, तुझ्या मोच्याकडे टाक.
मोची म्हणाला, शुक्रवारी मिळतील.
मंगळवारी मागच्या अंगणात पिंपात कागद जळले,
गुलाबांवर राख बसली.
बुधवारी रात्री गाड्या निघाल्या.
बाईंच्या पायांत सपाता होत्या.

शुक्रवारी मी बूट आणले.
पैसे दिले. पावती ठेवली.

नंतरचं काय सांगू.
आमच्या गल्लीतली शिंपीण बसमध्ये चढवली,
मशीनवर कुणाचीतरी बाही अर्धी राहिली.
फोन लावला की आधी एक बाई बोलायची,
नंतर तीही बोलेनाशी झाली.
इमारतीची किल्ली माझ्याकडे नव्हती.
काचेला कपाळ लावलं की दिसायचं
खिडकीपाशी लोकरीचं जाकीट, खुर्चीच्या पाठीवर,
जणू माणूस आत्ता हात धुवायला गेलंय.

एक म्हातारी यायची, महिन्या-दोन महिन्यांनी.
लेक तिकडे दिलेली, अस्माराला.
"इथून आत त्यांचीच जमीन ना?" विचारायची,
दरवेळी विचारायची,
आणि गजांतून हात घालून
गवतावर तळवा ठेवायची.
एकदा म्हणाली, मूठभर दे.
मी नियम सांगितला.
मग दिलं.

वीस वर्षांनी झेंडे आले, ढोल आले,
रस्त्यावर लोक रडत नाचत होते,
कुणी कुठलाही नंबर फिरवत होतं,
पलीकडे जो उचलेल त्याला म्हणत होतं, कसे आहात?
फाटकाचं कुलूप फिरेना.
शेवटी मीच घरून स्वयंपाकातलं तेल आणलं.

आत धूळ, सोफे, तेच कॅलेंडर.
आलेला अधिकारी पोरसवदा; युद्ध झालं तेव्हा पाळण्यात असेल.
मी वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट पुढे केले.
"अबरेहेत? आमच्याकडे चिक्कार आहेत, काका.
आडनाव?"
वीस वर्षं मी ते आठवत होतो असं मला वाटत होतं.

बूट उचलले तर तळ पुन्हा लोंबत होता.
दरवर्षी पॉलिश केलेले, एकदाही न घातलेले.
मोच्याकडे गेलो. तो म्हणाला,
ठेवून दिले की असंच होतं,
चिकटलेल्याला चालणं लागतं.

म्हातारी त्या दिवशी आली नाही.
नंतरही नाही.
तिचा पत्ता मी कधी विचारलाच नव्हता.

आता मी घरी असतो.
रेडिओवर पुन्हा तीच गावं,
बोलणाऱ्याचा घसाही तसाच, खरखरीत.
फाटक म्हणे उघडं आहे;
येताना-जाताना मला कुणी दिसत नाही.
नवा पहारेकरी काल भेटला,
म्हणाला, गवत गुडघ्याला लागलंय,
कापू का, आणि कुणाला विचारून?

बूट मोच्याच्या मुलाकडे टाकलेत.
त्यानं सांगितलाय तोच वार.