प्रतिसादक क्रमांक चौदा

बीबीएच्या तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट असतो, शंभर मार्कांचा.
कुणी म्युच्युअल फंड घेतला, कुणी सोन्याचे भाव,
ओंकार बिराजदारनं काकांच्या पतसंस्थेचा ताळेबंद.
मी घेतली आमच्या गल्लीतली भिशी,
एक आख्खी फिरून संपलेली.
कळशेट्टी सर चष्म्यावरून बघत म्हणाले,
'विषय बराय. पण आकडे आण. गोष्टी नकोत.'

आणले आकडे.
गड्ड्याची जत्रा उठली, पाळणे ट्रकमध्ये चढले,
आणि पत्रे तापायला लागले तेव्हा
विडी घरकुलात दारोदार फिरले प्रश्नावली घेऊन.
वीस बायका, महिना दोन हजार, चाळीस हजारांचा डाव.
पहिला डाव भिशीवालीचा, पुढचे बोलीचे:
जिला गरज जास्त, ती जास्त सोडते.
नरसम्मा मावशीकडं वही नाही.
कुणी कुठल्या महिन्यात किती सोडून उचलले
हे ती पानात तंबाखू भरता भरता सांगते,
मध्येच दोरा दातानं तोडते,
आणि चुकत नाही.
कोअर बँकिंग, मी मनात म्हटलं.

पुस्तकात लिहिलंय, आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोठा.
आमच्याकडं हे कुणाला शिकवावं लागत नाही.
त्यातून जूनमधला रुपया तर फारच मोठा.
बुडीत कर्जाची तरतूदही मला वर्गात नाही कळली,
कळली ती आईकडं बघून:
हजार विड्या द्यायच्या तर ती वळते हजार चाळीस,
कारण कारखान्यातला चेकर छाट काढणारच.
छाटलेल्या विडीलाही पान तेवढंच लागतं,
बोटं तेवढीच.

आईलाही विचारले सगळे प्रश्न.
प्रश्नावलीत 'तुम्ही' होतं, म्हणून मीही 'तुम्ही' म्हटलं.
ती हसली, मग सावरून बसली,
पदर नीट केला, जणू साहेब आलाय.
डाव कितवा? दुसरा.
किती सोडले? नऊ हजार.
उचलायचं कारण?
'किरकोळ,' म्हणाली.
मी लिहून घेतलं. किरकोळ.
नावं लिहायची नसतात, म्हणून
प्रतिसादक क्रमांक चौदा.

कॉलेजच्या संगणक खोलीत, पंखा बंद,
एकेका बाईचा व्याजदर काढत बसले.
चौदाव्या ओळीत थांबले.
दुसरा डाव म्हणजे त्या सालचा जून.
हातात आले एकतीस हजार.
माझ्या फाईलमध्ये प्रवेशाची पावती अजून आहे:
तीस हजार चारशे.
उरले सहाशे.
त्याच आठवड्यात माझ्याकडं आला होता
सायंटिफिक कॅल्क्युलेटर,
आणि आता मी त्याच्यावरच ताडून बघत होते
वर्षाला साधारण वीस टक्के.
दोनदा बघितलं. वीसच.

तोंडी परीक्षेला पुण्याहून बाहेरचे सर आलेले.
पानं चाळत त्यांचं बोट बरोबर तिथंच आलं.
'ही चौदा नंबरची बाई. इतका महाग पैसा उचलला.
आर्थिक साक्षरता नाही, असं म्हणायचं का?'
मी म्हटलं, 'सर, ती आधी बँकेत गेली होती.
बँकेनं विचारलं, जामीनदार कोण, आयटीआर आहे का.
भिशीवालीनं विचारलं, कधी पाहिजेत.'
'हे निष्कर्षात का नाही लिहिलं?'
'गोष्ट वाटली असती, सर.'
कळशेट्टी सर खिडकीबाहेर बघत होते.

घरी आले तर आई कट्टे बांधत बसलेली,
पंचवीस पंचवीसचे.
ती मोजते तेलुगूत, भांडते मराठीत,
आणि मी परीक्षा देते इंग्रजीत.
इरवै मूडु, इरवै नालुगु, इरवै ऐदु.
दोरा आवळून मग मान वर केली.
'एंत?'
'अठ्ठ्याहत्तर. शंभरात.'
तिनं कट्टा सुपात ठेवला, दुसरा घेतला.
'बावीस कशापायी छाटले?'