पान एकतीस

एकतिसाव्या पानावर मला खुनी कळला.
चहा ओततो तो, डाव्या हाताने,
आणि ते वाक्य तुम्ही मुद्दाम लहान ठेवलंय,
नवशिक्या चोराने दार लोटावं तसं.
पुस्तक पालथं घातलं. चष्मा पुसला.
खासगीवाले, तुम्ही?

अठ्ठ्याहत्तर साली बाजीराव रोडच्या एक्स्चेंजमध्ये
मी रात्रपाळीला असायचे.
कानावर हेडफोन, समोर ट्रंक कॉलचा बोर्ड,
आणि अर्धवट उघड्या खणात तुम्ही,
नारायण पेठेतल्या वाचनालयाचे,
रोजचे पंधरा पैसे.
एकदा मिरजेचे कुणी गृहस्थ
सात मिनिटं लाइनवर ताटकळले,
कारण इन्स्पेक्टर रणपिसे
अंधाऱ्या जिन्यात पायऱ्या मोजत उतरत होते
आणि तेरावी पायरी
नव्हती.
प्रकरण तिथंच संपलं होतं.
मला मेमो मिळाला. तो मी खूण म्हणून
त्याच पुस्तकात घातला, आणि तसाच परत गेला.

हे तुमचं एकशे चौदावं.
तीनशे वीस रुपये, कव्हरवर पिस्तूलवाली बाई,
जी आत कुठंच नाही.
रणपिसे आता मोबाइलवर लोकेशन काढतात
आणि खुर्चीत बसून राहतात.
पूर्वी ते मंडईच्या कोपऱ्यावर
तासभर माणसांच्या चपला बघत उभे राहायचे,
झिजलेल्या टाचेवरून ओळखायचे
कोण कुठल्या दाराशी थांबून आलाय.
त्यांच्या उजव्या मांडीत गोळी आहे.
तुम्हीच घातलेली, पंचविसाव्या पुस्तकात.
मी रडले होते, पहाटे चारला,
सोलापूरला नागपूर जोडून देता देता.
या पुस्तकात ते डावा पाय ओढतात.
पान साठ, पुन्हा उजवा.
पान एकशे दोनवर जिना धावत चढतात.
आणि मेलेल्या बाईचं नाव आधी सुलभा,
मग सुनंदा, मग नुसतीच ‘ती’.

पेन्सिल घेतली. समासात लिहिलं, पाय?
पुढे, नाव?
त्याच्यापुढे नुसतंच प्रश्नचिन्ह.
मी काही भिडस्त बाई नव्हे.
आंबा आंबट निघाला तर पेटी परत नेऊन देते,
पावतीसकट.
तेव्हा पत्र लिहायला बसले,
‘आपल्या लौकिकास हे...’ इथवर आले,
मग पेन्सिल धरली, तपास उलटा सुरू केला.
कोणी मारलं हे पुस्तक?
प्रकाशक असेल, दर दिवाळीला दारात उभा.
किंवा आम्ही, पन्नास वर्षं
आणखी एक, आणखी एक म्हणणारे.
पण जबाब जुळेनात.
चुका आळशी माणसाच्या वाटत नव्हत्या.
कुणीतरी घरातल्या घरात
दिव्याचं बटण शोधत फिरावं
तशा होत्या.

गुरुवारी टिळक रोडवर औषधांच्या दुकानात
तुम्हीच होतात.
भर मे महिन्यात स्वेटर,
शेजारी सून, हातात प्रिस्क्रिप्शन.
मी म्हटलं, नमस्कार, तुमची जुनी वाचक.
तुम्ही विचारलंत, नवं वाचलंत?
हो.
कसं वाटलं?

काउंटरवर मी सुट्टे मोजत होते.
जिभेवर एकतिसावं पान तयार होतं,
चहा, डावा हात, सगळं.
सून माझ्याकडे बघत होती,
आमच्याकडे वरिष्ठ बघायचे तशी नाही,
पलीकडून लाइन लागेल का
अशी वाट बघणाऱ्या माणसासारखी.

म्हटलं, शेवटपर्यंत
खुनी कळला नाही हो.

मलाही, म्हणालात तुम्ही.
हसलात.

मग निघालात. दुकानाला दोनच पायऱ्या.
तुम्ही ओठांत मोजत उतरलात, एक, दोन,
आणि सपाट फुटपाथवर
तिसरीसाठी एक पाय हवेत थांबला.

कुठला,
ते मी पाहिलं नाही.