विणीतली चूक

प्रिंट मोठी काढून आणली, बारा बाय अठरा,
अशोक चौकातल्या लॅबमधून. चकचकीत नव्हे, मॅट.
नायनांनी ती ताटाशेजारी ठेवली
आणि विचारलं, "चिरुत?"
हो, चिरुत. बिबट्या. मादी.
"किती गेले?"
सव्वीस लग्नं, म्हटलं, दोन बारशी,
आणि ती जुनी लेन्स.
नायना बोलले नाहीत. शेंगाचटणीवर दही घेतलं.

मी सांगत राहिलो,
की आफ्रिकेतलं ते गवत आपल्या नान्नजच्या माळासारखंच,
कुसळं मोज्यात तशीच घुसतात,
बाभळीही तशाच, फक्त कुणी वरून तळहाताने दाबल्यागत चपट्या.
की लेमायान नावाचा पोरगा गाडी चालवायचा,
इंजिन बंद करून बोट कानाला लावायचा:
आधी माकडं सांगतात, मग पाखरं,
डोळ्यांना सगळ्यात शेवटी कळतं.
की चार तास ती फांदीवर पडून होती,
शेपटी खाली लोंबलेली,
कांडी संपलेल्या धोट्यातून उरलेल्या दोऱ्यासारखी.
मग उतरली. गवताशी थांबली. वळून पाहिलं,
तेव्हा मी बोट दाबलं.

"हं."

चाळीस वर्षं नायनांनी जकार्डची कार्डं पाडली.
मोर, कमळं, चौकड्या,
एकदा कुणा व्यापाऱ्यासाठी वाघ,
ज्याला सगळी गल्ली मांजर म्हणायची.
पुठ्ठ्यात भोक असेल तिथं दोरा वर,
नसेल तिथं खाली.
पत्र्याच्या डब्यातून त्यांनी धागे मोजायचं भिंग काढलं,
पितळी, घडीचं, इंचभर चौकोनाचं,
आणि बिबट्याच्या खांद्यावर उभं केलं.

सकाळी शेजारचे लूम सुरू व्हायच्या आत,
दुपारी लाइट गेली की उंबऱ्यावर,
इंच इंच सरकत खांद्यावरून पाठीकडे.
मी रिसेप्शनं उरकून रात्री यायचो,
केसांत अक्षता,
तर ते मानेपाशी पोचलेले असायचे.
"रिपीट नाही," एकदा म्हणाले, तक्रार केल्यासारखं.
"डावी उजवीला जुळत नाही.
हिची कार्डं पाडायला बसलं तर संपायचीच नाहीत."

नवव्या दिवशी भिंग बिबट्यावरून उतरून
गवतात गेलं.
तिथं काही नाही, नायना, ते आउट ऑफ फोकस आहे.
"तप्पु," म्हणाले. "इथं वीण चुकलीय."
कुठे?
नख टेकवलं. पिवळ्यात पिवळं, काडीवर काडी,
आणि एका जागी एक काडी वळते,
जशी काडी वळत नाही.
मी वाकलो. आधी काहीच नाही. मग कान.
मग कानाखाली, गवतातून, थेट माझ्यावर रोखलेला
मोहरीएवढा डोळा.

पिल्लू.
चार तास. हजारभर फोटो.
लेमायानलाही दिसलं नव्हतं.
किंवा दिसलं असेल,
सांगितलं नसेल.

काल पहाटे नायना स्कूटीवर मागे बसले.
कधी आले नव्हते. माळावर काय बघायचं, म्हणायचे, माळ.
मफलर कानांवरून, खिशात भिंग.
ते लांबचं दाखवत नाही, मी म्हटलं.
"असू दे की बे."
तरवडाच्या आडोशाला ट्रायपॉड लावला.
लांडगा दिसला तर दिसला.
दूर सात काळविटं, एक टिटवी उगाच भांडत,
बाकी गवत, फिकं, उताराला लागलेलं, एकसारखं.
नायनांच्या धोतराला कुसळं चिकटत होती,
ते काढत नव्हते.

तासाभराने मनगटावर टकटक झाली.
"तप्पु उंदि," हळू म्हणाले.
मी कॅमेरा डावीकडे नेला, उजवीकडे नेला.
कुठे?
नायनांनी हात वर केला नाही.
"बघ की."