अकरापर्यंत

सहा जणांची बॅच, पाच महिन्यांची शिष्यवृत्ती,
फतेहगंजात दातांच्या दवाखान्यावरची एक खोली.
खालून ड्रिलचा आवाज येतो
आणि वर मी सांगत असते, संमती म्हणजे काय.

पहिल्या आठवड्यात मी फक्त शब्द काढून घेते.
बेवडा. दारुडा. गर्दुल्ला. 'ते लोक'.
विमानतळावर नेलकटर काढून ठेवायला लावतात
तसे टेबलावर ठेवायला लावते.
मृगांक तेव्हा हसला होता.
त्याच्या थोरल्या भावाला गल्लीत यातला कुठला शब्द चिकटला
ते त्याने पुढे कधीतरी सांगितलं, चहाच्या गाडीवर, पैसे देता देता.

मग गप्प बसायला शिकवते.
प्रश्न विचारून झाला की मनात अकरा मोजा.
सातापर्यंत माणूस तुमच्याकडे बघतो,
आठाला स्वतःच्या पायांकडे.
खरं जे काय असेल ते नवाच्या पुढे, कुठेतरी.
विश्वामित्रीच्या पुलावर लोक वाकून उभे असतात ना,
मगर दिसते का बघत,
तसं थांबायचं. दगड मारायचा नाही.

कारण इथे कोणी पीत नाही.
राज्य कोरडं आहे,
कागदावर तर इतकं, की लिहिता लिहिता शाई वाळते.

केतकी खानविलकर मकरपुऱ्याला गेली,
कारखान्यांच्या मागच्या चाळीत, भूपतभाईंकडे.
वेल्डर. वय एक्केचाळीस. डाव्या डोळ्याला सतत पाणी.
प्रश्न सातवा: गेल्या तीस दिवसांत किती दिवस?
'अमे तो पीता ज नथी, बेन.'
तिने अकरा मोजले. बारा मोजले. शून्य लिहिलं.

संध्याकाळी वही माझ्यासमोर ठेवून ती उभीच राहिली.
म्हणाली, मॅडम, त्यांची बायको मागे होती, माठापाशी.
काही बोलली नाही.
अंगठा नुसता पेरांवरून फिरवत होती.
एक हात संपला, दुसरा घेतला,
पुन्हा पहिल्यावर आली.
माझ्याकडे बघत होती. मी काय लिहू?

वीस वर्षं झाली मला या कामात.
नमुन्याचा आकार तोंडपाठ आहे,
नकाराला नव्व्याण्णव, 'आठवत नाही'ला अठ्ठ्याऐंशी.
माठापाशी उभ्या बाईला आकडा नाही.
मी म्हटलं, सही भूपतभाईंची आहे.
त्या पेरांची संमती आपण घेतलेली नाही.
शून्यच राहू दे.

बरोबर होतं ते. आजही कुठल्याही समितीसमोर सांगेन.
तरी जिना उतरताना माझाच अंगठा
करंगळीच्या तळाशी जाऊन थांबला होता.

केतकी दोन दिवस आली नाही.
तिसऱ्या दिवशी आली, जुनाच ड्रेस, नवीन पेन,
आणि आईने दिलेल्या सुरळीच्या वड्या सगळ्यांना.
त्या विषयावर अक्षर नाही.

आज सराव होता. मी उत्तर देणारी, ती विचारणारी.
नाव, वय, शिक्षण. सगळं नीट विचारलं,
आवाज न जड, न गोड.
मला बरं वाटलं, आपण काहीतरी शिकवलंय असं.
मग ती म्हणाली,
तंबाखू, कुठल्याही स्वरूपात, मिश्रीसकट.
गेल्या तीस दिवसांत किती दिवस?

'शून्य,' मी म्हटलं. तोंड मिटून हसले.
पर्सच्या आतल्या कप्प्यात डबी,
रुमालात गुंडाळलेली, तिचं झाकण जरा सैल.

पेन तिने कागदावर टेकवलं नाही.
माझ्या दातांकडेही पाहिलं नाही, इतकं तिला येतं आता.
ओठ हलत नव्हते, पण मोजणारा माणूस मला कळतो.
पाच. सहा. सात.

खाली ड्रिल थांबलं.
मी माझ्या चपलांकडे पाहिलं.