उभ्या गाडीचे तास

मीटरवर एकतीस हजार.
कंपनीचं पुस्तक म्हणतं, प्लग ऐंशी हजारांनी बदला.
शोरूमच्या पोराने लॅपटॉप जोडून तेच वाचून दाखवलं,
काचेपलीकडच्या कॉफीकडे हात केला,
मग माझा गणवेश बघून हात खाली घेतला.

पण सकाळी, नेपियन सी रोडच्या उतारावर,
पहिली दोन मिनिटं
उचकी लागते गाडीला.
धक्का नव्हे, कंप नव्हे. उचकीच.
कोण आठवण काढतंय हिची, म्हटलं मनात.
शेठ मागे फोनवर. त्यांना कळत नाही.
मला कमरेतून कळतं.

"निम्मा रस्तासुद्धा झाला नाही, नारकर," शेठ म्हणाले.
हिऱ्यातली माणसं.
आकड्यात चुकत नाहीत.

शेठ सुरतेला गेले त्या रविवारी
गाडी माझगावला नेली, पास्कोल मेस्त्रीकडे.
दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज,
भिंतीवर क्रूस, क्रूसाखाली पान्यांची माळ.
त्याने बॉनेट उघडून आत तळहात धरला,
पोराचा ताप बघतात तसा.
"गरम आहे. गरम इंजिनातनं प्लग काढला तर
ॲल्युमिनियमचे आटे सोलून हातात येतात.
बस. चहा घे."
दोन तास बसलो.
बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मग सहाही प्लग निघाले,
कालच्या पेपरवर ओळीने, सिलिंडरच्या नंबरांनी.
तीन बिस्किटाच्या रंगाचे. "हे बरे."
चौथा आणि पाचवा काळे,
कोरडी काजळी, बोटाला लागते.
सहाव्याचं सुईसारखं टोक बोथट झालेलं.
"चालू ठेवून उभी किती असते रे?"

मी मोजायला लागलो.
शाळेच्या फाटकाशी वीस मिनिटं, रोज.
बीकेसीत, 'एसी चालू ठेव, पाच मिनिटांत आलो', दीड तास.
वरळीच्या हॉलवर लग्न, अकरा ते दोन.
मोठ्या शेठांचे शेवटचे चार महिने,
हॉस्पिटलच्या मागच्या गेटला,
रात्रभर इंजिन चालू,
कारण हाक केव्हा येईल सांगता येत नव्हतं.
आणि आली तेव्हा
गाडी लागलीच नाही.

मेस्त्रीने खडूने फरशीवर बेरीज मांडली,
अर्ध्यात सोडून दिली.
"चाकं थांबली म्हणून आत ठिणगी थांबत नाही.
हे तुझं पुस्तक कुठल्या मीटरवर धरतं?"

घरी बायको विचारते, आज कुठे कुठे जाऊन आलात?
कुठेच नाही, म्हणतो.
मग एवढे दमलात कशाने?

नवे सहा त्याने आधी नुसत्या बोटांनी बसवले,
आटे आपणहून धरेपर्यंत.
मग टॉर्कचा पाना. कट् वाजलं की बस,
त्यापुढे केसभरही नाही.
पैसे मी भरले. बिल आणि जुने प्लग
डॅशबोर्डच्या कप्प्यात.

सोमवारी उतार आला, गाडी गप्प.
शेठनी कप्पा उघडला.
बिल वाचलं, बोलले नाहीत.
खिशातून भिंग काढलं,
एकेक प्लग उजेडात फिरवत बघू लागले,
बाबुलनाथचा सिग्नल सुटला तरी बघत होते.
"सहावा," म्हणाले. "पांढऱ्या भागाला तडा आहे.
इथे, नखाएवढा. तुम्हाला दोघांना दिसला नाही?"
"नाही दिसला, शेठ."
"हं."
भिंग पुसलं. पेडर रोड येईपर्यंत काही नाही.
"पुढचे कधी बदलायचे?"
"पुस्तकात ऐंशी हजार आहे."
"पुस्तक राहू दे. तुला वाटेल तेव्हा सांग."

बीकेसीत उतरताना म्हणाले, पाच मिनिटांत आलो.
एसीचं काही बोलले नाहीत.
विसरले असतील.

मी बटण दाबून इंजिन बंद केलं,
काच खाली घेतली.
मिठी नदीचा वास आत आला,
आणि शेजारच्या गाडीतल्या ड्रायव्हरने
डबा उघडता उघडता विचारलं,
काय झालं, बिघडली काय?